डबा, पुस्तक आणि आकाशकंदील : फाइल वाटणारी पेटी कुठे ठेवावी

स्टीलच्या डब्याचं झाकण लावलं आणि पेटी नाहीशी झाली. झाकण उघडं असताना फोनच्या वायफाय यादीत तिचं नाव पार जिन्यापर्यंत दिसत होतं. झाकण घट्ट बसवल्यावर मात्र ओट्याला चिकटून उभं राहिलं तरच एखादी कांडी दिसे, आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की तीही जाई. आत काहीच बदललं नव्हतं, फक्त झाकण. जेवणाच्या डब्यात पेटी दडवायची माझी पहिली कल्पना तिथेच मोडीत निघाली, आणि मग मी हा विषय मुळापासून समजून घ्यायला लागले.

आधी पेटीची ओळख. तळहाताएवढा एक छोटा संगणक किंवा राउटर, त्यात पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड, आणि चालवायला पॉवर बँक. ही पेटी स्वतःचं वायफाय सोडते. तुमच्या फोनवर त्या वायफायचं नाव येतं, तुम्ही जोडता, ब्राउझर उघडता आणि समोर एक साधं पान दिसतं. त्यावर पुस्तकं, गाणी, नकाशे, व्याख्यानं, जे काही मालकाने ठेवलं असेल त्याची यादी. हवं ते उतरवून घ्यायचं. मालकाने मुभा दिली असेल तर आपल्याकडची फाइलही तिथे ठेवायची. यात इंटरनेट कुठेच नाही. सिमकार्ड लागत नाही, डेटा पॅक लागत नाही, खातं उघडावं लागत नाही. पेटी घेऊन तुम्ही एखाद्या किल्ल्यावर गेलात तरी तिथे ती तशीच चालते.

हातोहात फाइल द्यायची सवय आपल्याला जुनी आहे. मोबाइलच्या दुकानांवर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या असायच्या, त्या अनेकांना आठवत असतील. कॉलेजच्या कट्ट्यावर ब्लूटूथ चालू करून दोघं फोन एकमेकांना चिकटवून बसायचे. पुढे शेअरइट आणि झेंडर आली. जून २०२० मध्ये भारताने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती. या सगळ्यात देणारा आणि घेणारा एका वेळी एका जागी असावे लागत. पेटीने ही अट काढून टाकली. देणारा ठेवून जातो, घेणारा आपल्या सवडीने येतो. पाणपोईसारखं.

आत काय चालतं

फोन पेटीला जोडला गेला की तो आधी पत्ता मागतो. पेटी त्याला एक क्रमांक देते, रुग्णालयात केसपेपर काढताना मिळतो तसा. मग फोन विचारतो, ‘अमुक संकेतस्थळ कुठे राहतं?’ नेहमीच्या इंटरनेटवर या प्रश्नाचं उत्तर द्यायला जगभर पसरलेली यंत्रणा असते. इथे उत्तर द्यायला पेटीशिवाय कुणी नाही, आणि तिचं उत्तर ठरलेलं असतं : ‘ते माझ्याकडेच आहे.’ कुठलाही पत्ता टाका, पेटीचंच पान उघडतं. रेल्वे स्थानकात किंवा हॉटेलात वायफाय जोडल्यावर आधी त्यांचं स्वागताचं पान येतं, त्यामागची युक्ती हीच आहे. फरक असा की तिथे त्या पानानंतर इंटरनेट सुरू होतं, इथे ते पान हाच मुक्काम.

दोन अडचणी मात्र हल्लीच्या फोनमुळे येतात, आणि पेटी ‘चालत नाही’ अशी तक्रार बहुतेक वेळा यांच्यामुळेच होते. पहिली अशी की वायफाय जोडल्याबरोबर फोन गुपचूप बाहेरच्या एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारून बघतो. तिथून ओळखीचं उत्तर आलं नाही की ‘इंटरनेट नाही’ असं सांगून पुन्हा मोबाइल डेटाकडे वळतो. म्हणून पेटीजवळच्या सूचनेत पहिलं वाक्य हवं : मोबाइल डेटा बंद करा. दुसरी अडचण सुरक्षित जोडणीची. ब्राउझर आता प्रत्येक संकेतस्थळाकडे ओळखपत्र मागतो. दुसऱ्याच्या नावाचं ओळखपत्र पेटी कुठून दाखवणार? मग लाल इशारा झळकतो आणि माणूस घाबरून मागे फिरतो. यावर उपाय म्हणून पेटीचा स्वतःचा छोटा पत्ता चिठ्ठीवर लिहून ठेवावा आणि लोकांना तोच टाकायला सांगावा.

एका कवटीवाल्या डब्याची गोष्ट

या कल्पनेला नाव आणि रूप मिळालं ते न्यूयॉर्कमध्ये. न्यूयॉर्क विद्यापीठात कला शिकवणारे प्राध्यापक डेव्हिड डार्ट्‌स यांना वर्गातल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना फाइल सहज देता याव्यात असं वाटत होतं, मध्ये कुठलीही कंपनी न येता. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी एका जेवणाच्या काळ्या डब्यात राउटर, छोटा सर्व्हर, पेनड्राइव्ह आणि बॅटरी बसवली. डब्यावर समुद्री चाच्यांची कवटी आणि हाडं. नाव दिलं पायरेटबॉक्स. कशी बनवायची याची सगळी माहिती त्यांनी खुली ठेवली. मग मत्तियास श्ट्रूबेल या जर्मन प्रोग्रामरने हे सॉफ्टवेअर खिशात मावणाऱ्या स्वस्त राउटरवर चालेल असं केलं आणि पुढची अनेक वर्षं ते सांभाळलं. टीपी-लिंकचा एमआर३०२० हा राउटर त्या काळात या मंडळींचा लाडका. साबणाच्या डबीपेक्षा फार मोठा नाही, आणि यूएसबीच्या वायरीवर चालणारा.

त्याआधी थोडेच दिवस, ऑक्टोबर २०१० मध्ये, अराम बार्टोल या जर्मन कलावंताने त्याच न्यूयॉर्कमध्ये पाच जागी भिंतीत सिमेंट लावून पेनड्राइव्ह पुरले होते. भिंतीतून फक्त यूएसबीचं टोक बाहेर. लॅपटॉप घेऊन भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि फाइल घ्यायची किंवा ठेवायची. मला ती कल्पना देखणी वाटते, पण टोक उघडं असल्यामुळे पाऊस आणि धूळ दोन्ही त्याच्या जिवावर उठतात, शिवाय कुणीही ते मोडू शकतं. वायरलेस पेटीचा मोठा फायदा हाच, की तिला दिसावं लागत नाही. म्हणूनच तिला वेश चढवता येतो.

२०११ च्याच शरद ऋतूत वॉल स्ट्रीटविरोधी आंदोलकांनी न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये ठाण मांडलं, तेव्हा डॅन फिफर या प्रोग्रामरने तिथल्या लोकांसाठी असाच इंटरनेटशिवायचा छोटा राउटर तयार केला, जोडल्यावर एक संदेशफलक उघडणारा. आणि २०१२ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगाच्या विद्यापीठात ग्रंथपाल असलेले जेसन ग्रिफी यांनी पायरेटबॉक्सवरून लायब्ररीबॉक्स काढला. त्यांनी एक मोठा बदल केला : कुणालाही फाइल टाकता येणार नाहीत, फक्त घेता येतील. शाळा आणि वाचनालयांना हे पटलं. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्तीसाठी त्यांनी लोकांकडे ३,००० डॉलर मागितले, तर ३३,००० हून जास्त जमले.

पायरेटबॉक्सचं काम नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबवण्यात आलं. राउटर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या यंत्रांत दुसरं सॉफ्टवेअर घालू देईनाशा झाल्या होत्या आणि ब्राउझरचा सुरक्षित जोडणीचा आग्रह वाढत चालला होता. कल्पना मात्र संपली नाही. माझी पेटी रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू या इवल्याशा संगणकावर चालते. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३०, वजन एखाद्या नाण्याएवढं. एवढीशी गोष्ट दडवायला कितीतरी जागा सापडतात.

वेश कशासाठी

लपवते म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असा संशय वाचणाऱ्याच्या मनात येणं साहजिक आहे. म्हणून स्पष्ट सांगते. पेटीला वेश हवा तो तीन कारणांसाठी. उघड्यावर दिसणारा राउटर आणि पॉवर बँक संध्याकाळपर्यंत कुणीतरी उचलून नेतं. ऊन, पाऊस, मुंग्या आणि कबुतरं यांच्यापासून आडोसा लागतो. आणि वायरी लोंबकळणारी वस्तू बघून लोक बिचकतात, त्यांना तिथे बसावंसं वाटत नाही.

चोरून काम करायला मात्र ही पेटी अगदी कुचकामी आहे, कारण तिचं शरीर झाकता येतं, आवाज झाकता येत नाही. कुठलंही वायफाय यंत्र आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारत असतं. नाव लपवायची सोय असते, पण मग वाचकालाही ती सापडणार नाही आणि जाणकाराला मात्र तरीही सापडेल. संकेताची ताकद मोजणारं साधं ॲप घेऊन ‘इथे तापतंय, इथे गार होतंय’ असं चालत गेलं, की थोड्याच वेळात माणूस पेटीपाशी पोहोचतो. डार्ट्‌स यांनी डब्यावर कवटी रंगवली तेव्हा त्यांनाही दडून बसायचं नव्हतंच. त्या डब्याकडे कुणाचंही लक्ष जावं, कुणीतरी विचारावं, असाच तो होता.

मग नावाचं काय? नाव ही वेशातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि मराठीत नाव ठेवायचं तर एक गंमतशीर मर्यादा आडवी येते. वायफायच्या नावाला ३२ बाइट एवढीच जागा असते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, पण देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणारं हलन्ताचं चिन्ह ही सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. ‘फुकट पुस्तकं’ बसत नाही, मोकळ्या जागेसह ३४ बाइट होतात. ‘ग्रंथपेटी’ २७ मध्ये बसतं. मी तेच ठेवलं. रेल्वेचं, बँकेचं किंवा शेजारच्या हॉटेलचं भासेल असं नाव कधीही ठेवू नये. तिथे वेश संपतो आणि फसवणूक सुरू होते. लोक त्या विश्वासावर पासवर्ड टाकायला लागतात.

लहरींना काय आवडत नाही

आता त्या स्टीलच्या डब्याकडे परत येते. माझी पेटी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या रेडिओलहरींवर बोलते. या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या अर्ध्या वितीहून थोडी जास्त. धातूचं बंद आवरण या लहरी आतल्या आत परतवतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. त्याच्या दाराच्या काचेत बारीक भोकांची धातूची जाळी असते. उजेडाची लहर अतिशय बारीक, ती भोकांतून आरपार जाते आणि आपल्याला आतली वाटी दिसते. साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला ते भोक भिंतीसारखंच. म्हणून डब्याला खिळ्याने दोन-चार भोकं पाडून काही साधत नाही. मीही पाडून बघितली. झाकण प्लास्टिकचं बसवल्यावर मात्र पेटी पुन्हा जिन्यापर्यंत ऐकू यायला लागली.

धातूनंतर नंबर लागतो पाण्याचा. पाणी या लहरी शोषून घेतं, म्हणून ओली माती, कुंड्यांची दाट रांग आणि माणसांची गर्दी या तिन्ही गोष्टी संकेत खातात. तुळशीच्या कुंडीत पेटी पुरली आणि पाणी घातलं की ती मुकी होते. कुंडीच वापरायची तर खाली दुहेरी तळ करून पेटी मातीबाहेर, कोरड्या कप्प्यात हवी. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायची तर बाहेरच्या कप्प्यात ठेवावी. पाठीला चिकटलेल्या कप्प्यात ठेवली तर तुमचं स्वतःचंच शरीर अर्धी दिशा अडवतं. कागद, कापड, वेत, बांबू, कोरडं लाकूड, प्लास्टिक, भाजलेली कोरडी माती यांतून लहरी जवळपास विनातक्रार जातात. आरसा नको, कारण त्याच्यामागे धातूचा थर असतो. चंदेरी-सोनेरी चमकी कागदावरही बहुधा धातूचा पातळ मुलामा असतो, तोही नको.

पुस्तकात, आणि कंदिलात

सगळ्यात जुना आणि अजूनही मला आवडणारा वेश म्हणजे पुस्तक. पण वाचनीय पुस्तक कापू नये. जुनी टेलिफोन डिरेक्टरी किंवा रद्दीतली जाड खतावणी घ्यावी. पानांच्या तिन्ही कडांना पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल लावायचा, वर वजन ठेवून रात्रभर वाळवायचं, मग पट्टी आणि कटरने आत चौकोनी कप्पा कापायचा. कडेला दोन बोटं समास ठेवला नाही तर पुस्तक पोकळ आहे हे उचलताक्षणी कळतं. एका दमात खोल कापायला जाऊ नये, पंधरा-वीस पानं सुटी करत जावं. पाठीकडच्या बाजूला दोन भोकं ठेवावीत, उष्णता जायला. माझ्या खतावणीच्या कण्यावर मी ‘ग्रंथपेटी’ असं लिहिलं. वायफायच्या यादीत तेच नाव दिसतं, आणि फळीवर शोधणाऱ्याची नजर त्या कण्यावर थांबते. लहान मुलांना हा शोध फार आवडतो. पुस्तक लाकडी फळीवर असावं. लोखंडी कपाटात ठेवलं तर पुन्हा स्टीलच्या डब्याचीच गत.

कंदिलाची कल्पना मला दिवाळीत सुचली आणि आजवरचा हा सर्वांत जमलेला वेश आहे. आकाशकंदील मुळातच उंच टांगलेला असतो, आणि उंचीवरून संकेत लांब जातो, वाटेत माणसं आणि गाड्या येत नाहीत. तो बांबूच्या काड्या आणि कागदाचा, म्हणजे लहरींना पारदर्शक. त्याला वायर जाणं कुणालाच खटकत नाही, त्यामुळे बॅटरीची चिंताही मिटते : दिव्याच्या वायरीलाच एक जोड घेऊन आत मोबाइलचा चार्जर बसवता येतो. हे काम मात्र वायरमनकडून करून घ्यावं. दिवा एलईडीचा हवा, जुना तापणारा बल्ब शेजारी असेल तर पेटी आणि कागद दोन्ही धोक्यात. कागद पतंगी किंवा बटर पेपर. पेटी तळाशी नको, मध्यावर आडव्या काडीला बांधावी, म्हणजे दव पडलं तरी खाली उतरणारं पाणी तिच्यापर्यंत येत नाही.

आमच्या गावातल्या वाचनालयाच्या गॅलरीत मी तो टांगला. वाचनालय सांभाळणाऱ्या काकूंची परवानगी घ्यायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “यातून कुणाचा फोन नंबर वगैरे जातो का गं?” जात नाही, पेटी नोंदच ठेवत नाही, हे मी त्यांना यंत्र उघडून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, “लाव मग. पण खाली पाटी लाव. लोकांना कळलं पाहिजे हे काय आहे ते.” पाटी लावली. त्या पाटीमुळे वेश उघडा पडला असं कुणाला वाटेल, पण कंदिलाकडे बघून लोक ‘यात पुस्तकं आहेत?’ असं म्हणत थांबायचे, त्यात मला जास्त आनंद होता.

पक्ष्यांचं लाकडी घरटं, भिंतीवरचं घड्याळ, वेताची परडी, जुना ट्रान्झिस्टर हेही चालतात. ट्रान्झिस्टर विशेष चांगला : प्लास्टिकचा कोश, बॅटरीचा कप्पा तयार, आणि जाळीतून हवा खेळते. फक्त आतला धातूचा पत्रा काढून टाकावा.

फिरत्या पेटीसाठी बॅटरीचा हिशेब असा. १०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत साधारण ३७ वॉट-तास ऊर्जा असते. रूपांतरात काही वाया जाते, हाती तीसएक उरतात. पेटी दीड वॉट खाते असं धरलं तर वीस तास. पण बऱ्याच पॉवर बँका इतकी थोडी वीज जाताना बघून ‘फोन भरला’ असं समजतात आणि स्वतःच बंद पडतात, तेव्हा तिच्या भरवशावर पेटी ठेवण्याआधी एक रात्र चालवून बघावी. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात बंद खोक्यात, उन्हात, लिथियमची बॅटरी ठेवायचीच नाही. सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो तिथे उन्हातल्या खोक्याचं काय होत असेल?

जिथे वेश चढवायचा नाही

हा भाग मी सर्वांत गांभीर्याने लिहिते आहे. ३१ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात पुलाखाली, रस्त्याच्या कडेला दिव्यांचे छोटे फलक सापडले. मागे बॅटरी, वायरी, चिकटपट्टी. शहराने ते बॉम्ब समजून रस्ते आणि पूल बंद केले, बॉम्बनाशक पथकं धावली. ती एका कार्टून मालिकेची जाहिरात निघाली. फलक लावणाऱ्या दोघांना अटक झाली, आणि जाहिरातीमागच्या कंपन्यांना वीस लाख डॉलर द्यावे लागले. तेच फलक आणखी नऊ शहरांतही लावलेले होते.

आपल्याकडे तर हे सांगायला बोस्टनला जायची गरज नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यातल्या बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या एका बॅगेने माणसं मारली. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा आपण रोज फलाटावर ऐकतो ती त्यामुळे. ज्या राज्यात डबा, कुकर आणि बॅग या शब्दांनी अंगावर काटा येतो, तिथे वायरी असलेला डबा बाकाखाली सोडून जाणं ही निव्वळ क्रूरता आहे, मग आत तुकारामाची गाथा का असेना. म्हणून माझे नियम दोनच. पेटी एक तर माझ्यासोबत असेल, माझ्या खांद्यावर, माझ्या हातात. नाहीतर जागेच्या मालकाला ठाऊक असेल आणि त्याच्या परवानगीने, नावाच्या चिठ्ठीसह असेल. रेल्वे, बस स्थानक, विमानतळ, मॉल, न्यायालय, देवळाची रांग इथे ती ठेवायचीच नाही.

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने, ठरावीक ताकदीच्या मर्यादेत, परवान्यातून मोकळा झाला. आपली पेटी त्या मर्यादेच्या खूप खाली असते. दुसरी गोष्ट, उघड्या वायफायबद्दल पोलिसांना वाटणारी काळजी. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून, तिथे राहणाऱ्याला पत्ता नसताना, पाठवला गेला होता. इंटरनेटला न जोडलेल्या पेटीतून ईमेल जाऊच शकत नाही, हे ती बनवणाऱ्याला ठाऊक असतं, पण विचारायला आलेल्या माणसाला ते शांतपणे समजावून सांगता आलं पाहिजे. म्हणून माझ्या खतावणीच्या आतल्या पानावर मी तीन ओळींत ते लिहून ठेवलं आहे.

पेटीत काय ठेवायचं

डार्ट्‌स यांच्या पेटीत कुणीही काहीही टाकू शकत असे. तत्त्व म्हणून मला ते भावतं, पण सार्वजनिक जागी मी ग्रिफी यांचाच मार्ग धरते. कुणीतरी अश्लील चित्रफीत टाकली, किंवा गाण्याच्या नावाखाली बाधित ॲप टाकलं, तर ते पुढच्या मुलाच्या फोनवर माझ्या पेटीतून जाणार. ज्यांना घेणाऱ्याच्या बाजूने सल्ला हवा त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : अनोळखी पेटीतून पुस्तक, चित्र, ध्वनिफीत घ्या, ॲप कधीच घेऊ नका, आणि ती कुठलाही पासवर्ड मागू लागली तर तिथून निघा.

भरायला साहित्य मात्र विपुल आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. म्हणजे जोतीराव फुले, केशवसुत, हरी नारायण आपटे, बालकवी, गडकरी केव्हाच मोकळे आहेत. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ ला मोकळं झालं, नेमक्या त्याच महिन्यात ज्यात न्यूयॉर्कमध्ये तो कवटीवाला डबा तयार होत होता. हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि उगाचच आनंद झाला. याशिवाय किविक्स नावाच्या प्रकल्पाने विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचायची सोय केली आहे, त्यातून मराठी विकिपीडिया पेटीत बसवता येतो. एका मेमरी कार्डात हे सगळं मावतं आणि तरी जागा उरते.

कंदिलातल्या पेटीला आठव्या-नवव्या फोननंतर धाप लागते, पान उघडायला वेळ लागतो. भाऊबीजेच्या संध्याकाळी गॅलरीखाली तेवढी गर्दी झालीच. शाळेतली दोन मुलं कट्ट्यावर चढून, फोन कंदिलाच्या दिशेने वर धरून उभी होती. जवळ नेल्याने फारसा फरक पडत नव्हता, पण मी काही बोलले नाही. बालकवींच्या कवितांचं पुस्तक उतरल्यावर धाकट्याने मोठ्याला विचारलं, “आता आपण घरी गेलो तरी हे राहणार ना?” मोठ्याने मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद केले, पुस्तक पुन्हा उघडून बघितलं आणि म्हणाला, “हो, राहिलं.”